रोजच्या स्वयंपाकासाठी नॉनस्टिक फ्राय पॅन: निवड, वापर आणि निगा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉनस्टिकचा थर म्हणजे नेमकं काय असतं?

बहुतेक पॅनवर पीटीएफई नावाचं फ्लोरिनयुक्त प्लास्टिक असतं. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना ते अपघातानेच सापडलं. ‘टेफ्लॉन’ हे त्याचं व्यापारी नाव. ज्या पदार्थाला काहीच चिकटत नाही, तो ॲल्युमिनियमला तरी कसा चिकटवायचा, ही पुढची अडचण होती. ती १९५४ च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार यांनी सोडवली आणि त्यातून नॉनस्टिक पॅन आला.

ही अडचण आजही पूर्ण मिटलेली नाही. थर पत्र्यावर धरून राहावा म्हणून पत्रा आधी खडबडीत करतात, मग त्यावर प्रायमर, म्हणजे पत्र्याला धरून राहणारा पहिला थर, बसवतात आणि त्यावर वरचे थर देऊन भट्टीत भाजतात. या सगळ्याची जाडी मिलिमीटरचा काही शतांश भाग, म्हणजे साध्या कागदाहूनही कमी. पॅन निवडताना आणि वापरताना हा आकडा डोक्यात ठेवा.

एक पॅन पाच वर्षं टिकतो, दुसरा सहा महिन्यांत चिकटायला लागतो. असं का?

ओरखड्यांपेक्षा जास्त पॅन आचेमुळे वाया जातात. पीटीएफई २६० अंश सेल्सियसपर्यंत बिनधास्त राहतं. त्याच्या पुढे ते हळूहळू खराब होऊ लागतं आणि ३२७ अंशांना वितळतं. मोठ्या बर्नरवर, मोठ्या आचेवर रिकामा ठेवलेला पातळ पॅन काही मिनिटांतच २६० च्या पुढे जातो. फोन आला, कांदा चिरायचा राहिला, तेवढा वेळ पुरतो. थर लगेच सुटत नाही, पण आतून कडक आणि ठिसूळ होतो, आणि मग पुढच्या महिन्यात ‘अचानक’ अंडं चिकटतं.

दुसरं कारण पत्र्याची जाडी. पातळ पत्र्यात ज्योतीच्या कड्याच्या वर गोल पट्टा तापतो आणि मधला भाग त्या मानाने थंड राहतो. मधलं धिरडं कच्चं राहिलं म्हणून आच वाढवली, की तो पट्टा आणखी तापतो. जुना पातळ पॅन उजेडात धरून पाहा, बर्नरच्या मापाचं तपकिरी कडं दिसेल. थर नेमका तिथेच आधी जातो.

म्हणून पॅन घेताना पहिला प्रश्न जाडीचा विचारा, थरांचा नंतर.

मग जाडी किती हवी?

बुडाला किमान ३ मिमी. डोसा तव्यासारखा सपाट तवा असेल तर ४ मिमी असल्यास उत्तम. खोक्यावर जाडी लिहिलेली नसेल तर वजन करा. २४ सेंटिमीटरचा, ३ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पॅन दांड्यासकट साधारण ६५० ते ७५० ग्रॅम भरतो. पाचशे ग्रॅमच्या आसपास भरला तर पत्रा २ मिमीच्या घरातला समजावा. इंडक्शनचं बूड असलेल्या पॅनमध्ये खाली स्टीलची चकती असते, तिचं वजन यातून वजा धरा.

दुकानात पॅन हातात घेऊन काय काय तपासायचं?

सोबत एक स्टीलची पट्टी न्या. पॅन उलटा करून ती बुडावर आडवी ठेवा. पट्टी दोन्ही कडांना टेकली आणि मध्ये कागद सरकेल एवढी फट राहिली तर चालेल, कारण तापल्यावर बूड थोडं फुगून सपाट होतं. पण पट्टी मध्ये टेकून दोन्ही बाजूंना डुगडुगली तर पॅन घेऊ नका. तो पहिल्या दिवसापासून शेगडीवर फिरेल आणि तेल कडेला पळेल.

मग वरची कड बघा. स्वस्त पॅन बऱ्याचदा आधीच थर दिलेल्या पत्र्यातून गोल कापून दाबून बनवतात. वाकवताना वळणावर थर ताणला जातो. अशा पॅनच्या कडेला बहुधा कापलेल्या ॲल्युमिनियमची चकचकीत रेघ उघडी दिसते. आकार दिल्यानंतर फवाऱ्याने थर दिलेल्या पॅनमध्ये थर सहसा कडेवरून वळून आलेला असतो. दुसरा प्रकार जास्त टिकतो.

पॅन तिरका धरून खिडकीच्या उजेडात फिरवा. सुईच्या टोकाएवढी छिद्रं, फोड, खरखरीत ठिपके दिसले तर दुसरा मागा. शेवटी दांडा: धरून जरा पीळ द्या. आत रिव्हेट (दांडा कायमचा ठोकून बसवणारे खिळे) असतील तर त्यांच्या डोक्यावरही थर हवा, आणि रिव्हेटभोवती घाण साचते हे गृहीत धरा. स्क्रूचा दांडा सैल होतो, पण घट्ट करता येतो आणि बदलताही येतो. रोजच्या वापरासाठी आमचा कौल स्क्रूच्या दांड्याला.

पॅनवर आयएसआय चिन्ह आहे का हेही बघा. केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणीकरण बंधनकारक करण्याचा आदेश काढला. ॲल्युमिनियमच्या भांड्यांचं मानक आयएस १६६०, आणि त्यात हार्ड ॲनोडाइज्ड व नॉनस्टिक थराची भांडीही येतात.

तीन थर, पाच थर, ग्रॅनाइट, मार्बल, डायमंड: यातलं खरं काय?

थरांची संख्या एका मर्यादेपर्यंत उपयोगी आहे. एक किंवा दोन थरांपेक्षा प्रायमर, मधला आणि वरचा असे तीन थर नक्की बरे. त्यापुढे काही उत्पादक तेवढ्याच जाडीचे जास्त तुकडे मोजतात, त्यामुळे पाचाचा पॅन तीनापेक्षा चांगलाच असेल असं नाही.

‘ग्रॅनाइट’ आणि ‘मार्बल’ हे बहुतेक वेळा पीटीएफईवर उडवलेल्या ठिपक्यांचं रूप असतं. तो पॅन दगडाचा नसतो. ‘डायमंड’ किंवा ‘टायटॅनियम’ म्हणजे थरात त्या कठीण पदार्थाचे बारीक कण मिसळलेले. त्याने घासणीचे ओरखडे कमी पडतात, पण उष्णतेची मर्यादा तीच राहते, आणि जाहिरातीत ही गोष्ट येत नाही.

सिरॅमिक थराचा पॅन घ्यावा का?

सिरॅमिक थर वाळूतल्या सिलिकापासून बनतो, त्यात पीटीएफई नसतं. पीटीएफईपेक्षा तो जास्त उष्णता सोसतो आणि रिकामा तापला तरी पीटीएफईसारखा धूर सोडत नाही. नवा असताना अंडं त्यावरून अक्षरशः घसरतं. पण रोजच्या वापरात त्याचा निसरडेपणा पीटीएफईपेक्षा बराच लवकर जातो, अनेकदा वर्षभराच्या आत. पृष्ठभाग दिसायला धड असतो, तरी पदार्थ धरायला लागतो. घरात पीटीएफई नकोच असेल तर सिरॅमिक घ्या. टिकाऊपणासाठी म्हणून घेऊ नका.

हार्ड ॲनोडाइज्ड म्हणजे नॉनस्टिक का?

नाही. ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग आम्लाच्या द्रावणात वीज सोडून कठीण करतात, तो काळसर-राखाडी होतो. त्याला पदार्थ चिकटतो. पण हार्ड ॲनोडाइज्ड पॅनच्या आत नॉनस्टिकचा थर असेल तर ती जोडी चांगली: बाहेरून पोचे पडत नाहीत आणि थराला धरायला घट्ट पाया मिळतो. खोक्यावर दोन्ही शब्द आहेत का ते वाचा.

किती मापाचा घ्यायचा?

खोक्यावरचं माप वरच्या कडेचं असतं. बूड त्याहून ५ ते ७ सेंटिमीटरनी लहान असतं. दोन अंड्यांच्या ऑम्लेटला २० सेंमी पुरतो. चौघांच्या घरात एकच घ्यायचा तर २४ सेंमी. थालीपीठ, धिरडं, डोसा यांना २६ ते २८ सेंमीचा सपाट तवा. ३० सेंमीचा पॅन घरगुती बर्नरवर कडेला नीट तापत नाही.

इंडक्शनवर चालेल का?

बुडाला लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर चालेल. बुडात स्टीलची अख्खी चकती असेल तर ठिपक्या-ठिपक्यांच्या जाळीपेक्षा उष्णता जास्त सारखी पसरते.

इंडक्शनवर नॉनस्टिक लवकर जातो, अशी तक्रार खरी आहे आणि तिचं कारण सुरुवातीच्या वॅटमध्ये आहे. १८०० किंवा २००० वॅटवर रिकामा पॅन ठेवला तर मिनिटाभरात मध्यभाग पोळतो. ८०० ते १००० वॅटवर सुरू करा, तेल घालूनच सुरू करा, आणि दोन मिनिटं द्या.

नवा पॅन आणल्यावर ‘सीझनिंग’ लागतं का?

बिडाच्या तव्यासारखं तेल लावून तापवत बसावं लागत नाही. लेबलं काढा, गरम पाण्यात साबणाने मऊ स्पंजने धुवा, पुसा आणि अर्धा चमचा तेल बोटाने फिरवून कागदाने टिपून घ्या. तेलाचा धूर काढू नका.

पॅन किती तापवायचा, हे कळणार कसं?

आधी एक चमचा तेल घाला, मग मध्यम आचेवर एक ते दीड मिनिट ठेवा. तेल पातळ होऊन पॅन हलवला की पाण्यासारखं पळायला लागलं, म्हणजे पॅन तयार. त्यातून धूर येऊ लागला तर पॅन २२० अंशांच्या आसपास गेला आहे, लगेच आच बंद करा.

पाण्याच्या थेंबाने तपासायची सवय असेल तर एक फरक लक्षात ठेवा. नॉनस्टिकवर थेंब थंड असतानाही गोल बसतो, म्हणून आकारावर जाऊ नका, आवाज ऐका. थेंब ‘चर्र’ करून उडाला तर ठीक. आवाज न करता इकडून तिकडे घरंगळत राहिला तर पॅन जास्त तापला आहे.

ऑम्लेटला बटर वापरत असाल तर तेच उत्तम मोजमाप आहे. बटरमधलं पाणी उडताना फेस येतो. फेस ओसरला की अंडं ओता. बटर घातल्या घातल्या तपकिरी झालं तर पॅन उतरवून अर्धा मिनिट थांबा.

ज्योत बुडाच्या आतच राहू द्या. कडेने वर आलेली ज्योत बाहेरचा रंग आणि दांड्याचं बॅकेलाइट (कडक प्लास्टिक) दोन्ही जाळते. दांड्याच्या मुळाशी जळका वास येत असेल, तर तो याचाच.

डोशाचं पीठ पसरतच नाही, वाटीबरोबर उचलून येतं. पॅनचा दोष आहे का?

जवळजवळ नेहमीच आचेचा. तवा जास्त तापलेला असला की पीठ टेकताच खालून शिजतं, आणि निसरड्या पृष्ठभागाला धरून राहायला काही नसल्यामुळे वाटीला चिकटून गोळा होतं. आच मंद करा, पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने तवा पुसा, पीठ ओतून लगेच पसरा आणि मग आच वाढवा. तेल पीठ पसरल्यावर कडेने सोडा. आधी घातलेल्या तेलावर पीठ घसरतं.

लोखंडी तव्याच्या सवयीने दोन डोशांच्या मध्ये पाण्याचा हबका मारू नका. तापलेल्या ॲल्युमिनियमवर गार पाणी पडलं की बूड वाकतं.

घावणे आणि आंबोळी यांच्यापुरतं मात्र आमचं मत स्पष्ट आहे: त्यांना जाळी हवी, जाळीला तवा कडक तापलेला हवा, आणि ते काम बिडाच्या तव्याचं. नॉनस्टिकवर घावणे होतात, पण पांढरे आणि मऊसूत, जाळी कमी पडते.

थालीपीठ थेट पॅनमध्ये थापलं तर चालतं का?

पहिलं चालतं. दुसऱ्याची पंचाईत असते, कारण पॅन गरम असतो. बऱ्याच घरांत तो तसाच नळाखाली उलटा धरून गार करतात, आणि तिथेच बूड कायमचं फुगतं. दोन पॅन आळीपाळीने वापरा, किंवा ओल्या फडक्यावर नाहीतर केळीच्या पानावर थापून पॅनमध्ये उलटं टाका. पॅनमध्ये थापत असाल तर मधली भोकं बोटाने पाडा, सुरीने किंवा चमच्याच्या टोकाने नाही. दोन चमचे तेल, मंद-मध्यम आच, झाकण ठेवून तीन ते चार मिनिटं, मग उलटून झाकण न ठेवता दोन मिनिटं.

सुरमई, बोंबील तळताना रवा सुटतो आणि खाली करपतो.

मासळीला मीठ-मसाला लावून ठेवली की पाणी सुटतं. ते निथळून टाका, मग रवा आणि तांदळाचं पीठ दाबून लावा आणि जास्तीचा रवा झटकून टाका. २४ सेंमीच्या पॅनला दोन मोठे चमचे तेल. तुकडे दाटीने लावू नका. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीच्या तुकडीला मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं हातच लावायचा नाही. कवच धरलं की तुकडी आपणहून सुटते, त्याआधी उचलली तर कवच पॅनवर राहतं. पहिला घाणा झाला की तेलातला सुटा रवा गाळून किंवा पुसून काढा. हा काळा झालेला रवाच पुढच्या घाण्यात थराला चिकटून बसतो.

कोणत्या गोष्टी नॉनस्टिकमध्ये करूच नयेत?

- शेंगदाणे, तीळ, रवा, सुकं खोबरं, गरम मसाला कोरडे भाजणं. तेल नाही, पाणी नाही, त्यामुळे तापमान किती वाढलं ते कळत नाही, वर रव्याने थर घासलाही जातो. लोखंडी किंवा जाड स्टीलची कढई घ्या.
- भाकरी आणि फुलके. कोरड्या तव्यावर मोठ्या आचेची कामं आहेत ती.
- पॅनमध्ये पाव किंवा थालीपीठ सुरीने कापणं.
- आमटी, टोमॅटोचं सार, सोलकढी तशीच रात्रभर ठेवणं. थर अखंड असेल तर बिघडत नाही, पण कुठे खरवडला असेल तर आंबट पदार्थ खालच्या ॲल्युमिनियमवर काम करतो.

कांदेपोहे, उपमा, भुर्जी, पनीर, कटलेट, परतलेल्या भाज्या, धिरडी: ही नॉनस्टिकची कामं.

उलथनं कोणतं?

लाकडी किंवा सिलिकॉनचं. नायलॉनचं गरम पॅनमध्ये टेकवून ठेवलं तर टोक वितळून वळतं. ‘स्टीलचं उलथनंही चालेल’ असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी वापरू नका. सपाट पात्याने फारसं होत नाही, त्याचा कोपरा आणि झाऱ्याची कड थर कापते.

घासायचा कसा? भांडी घासणाऱ्या मावशींकडे दिला की ओरखडे येतात.

दोष मावशींचा नाही. सिंकमध्ये कढई, कुकर आणि पॅन एकत्र असतील तर हातातली तारेची घासणी सगळ्यांवर फिरणारच. पॅन सिंकमध्ये ठेवूच नका. जेवण झालं की पॅन कोमट असताना कागदाने तेल पुसा, पूर्ण गार होऊ द्या, मग स्पंजच्या पिवळ्या बाजूने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. दोन मिनिटांचं काम आहे. पॅन त्यांच्याकडेच द्यायचा असेल तर त्यासाठी वेगळा स्पंज पॅनमध्येच ठेवून द्या.

स्पंजची हिरवी बाजू, काथ्या, राख, घासायची पावडर, यांतलं काहीच नको. हिरव्या बाजूत बारीक घर्षक कण असतात. डिशवॉशरची वडी अल्कधर्मी असते, ती बाहेरचं ॲल्युमिनियम काळं पाडते आणि थराचंही आयुष्य कमी करते. ठेवताना एकावर एक रचायचे असतील तर मध्ये जुनं सुती फडकं घाला.

ओरखडा एकही नाही, तरी सगळं चिकटतं. का?

बोटाने पृष्ठभाग चाचपून बघा. चिकट, पिवळट-तपकिरी पापुद्रा लागतो का? तो तेलाचा आहे. नीट न धुतलेलं तेल पुन्हा पुन्हा तापून राळेसारखं घट्ट होतं. फवारायच्या तेलाने हे फार लवकर होतं, कारण अतिपातळ तेल लगेच भाजतं आणि त्यात मिसळलेला लेसिथिन हा स्निग्ध पदार्थ चिकटून बसतो.

पॅनमध्ये दोन कप पाणी आणि एक मोठा चमचा खायचा सोडा घालून मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. गार झाल्यावर लाकडी उलथन्याने अलगद हलवा, मग सोड्याची पातळ पेस्ट करून स्पंजने गोल फिरवा. धुण्याचा सोडा वापरू नका, तो ॲल्युमिनियम खातो. पापुद्रा निघाला की पॅन बराचसा पूर्ववत होतो. नाही झाला तर थर आचेने गेला आहे.

थराचे कण पोटात गेले तर? आणि कर्करोगाचं काय?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पीटीएफईचे कण पचत नाहीत, शरीरात कशाशी अभिक्रिया करत नाहीत, जसेच्या तसे बाहेर पडतात.

काळजी होती ती पीएफओए या रसायनाची. ते थर बनवण्याच्या प्रक्रियेत वापरलं जाई. त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये माणसात कर्करोग निर्माण करणारं म्हणून वर्गीकृत केलं. मोठ्या उत्पादकांनी अमेरिकेत २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला आणि २०१९ मध्ये ते घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं. म्हणून ‘पीएफओए-मुक्त’ हे आज किमान अपेक्षित आहे, वैशिष्ट्य नाही. त्याचा अर्थ ‘पीटीएफई नाही’ असाही होत नाही. अमेरिकेत मिनेसोटामध्ये राहणाऱ्यांना २०२५ पासून पीटीएफईचे नवे पॅन दुकानात मिळत नाहीत, कारण त्या राज्याने मुद्दाम पीफास (फ्लोरिनयुक्त रसायनांचा गट, पीटीएफई त्यातलंच) घातलेल्या भांड्यांची विक्री बंद केली आहे.

खरा धोका जास्त तापवण्याचा. साडेतीनशे अंशांच्या पुढे पीटीएफई विघटन पावून धूर सोडतं. माणसाला त्याने ताप, थंडी, छातीत जडपणा अशी फ्लूसारखी लक्षणं येतात. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात, त्यांचा जीव जातो. घरात लव्हबर्ड्स किंवा बजरीगर असतील तर पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही नॉनस्टिक भांडी जास्त तापवण्याबद्दल सावध केलेलं आहे.

पॅन विसरून तापलाच तर आच बंद करा, खिडक्या उघडा, खोलीबाहेर जा. त्यावर पाणी ओतू नका.

पॅन टाकून कधी द्यायचा?

रोजच्या वापरात चांगल्या पॅनला दोन-तीन वर्षं मिळणं योग्य आहे. खालचा धातू दिसायला लागला, थर पापुद्र्यासारखा उचलला जाऊ लागला, किंवा फोड आले, की थांबा. एखादा उथळ ओरखडा असेल आणि धातू दिसत नसेल तर वापरत राहा. परीक्षा सोपी आहे: अर्धा चमचा तेल, मध्यम आच, फ्रीजबाहेर अर्धा तास ठेवलेलं एक अंडं. पॅन हलवल्यावर अंडं सरकलं तर पॅन कामाचा आहे.

पुन्हा कोटिंग करून मिळतं, ते करावं का?

३ मिमीच्या वरचं, सपाट बुडाचं भांडं असेल तरच. नीट कामात दांडा काढतात, जुना थर वाळूच्या माऱ्याने पूर्ण उतरवतात, प्रायमर आणि वरचा थर फवारून भट्टीत सुमारे ४०० अंशांना भाजतात. द्यायच्या आधी हे टप्पे विचारून घ्या, आणि कोणतं कोटिंग वापरतात तेही. जुन्यावरच नवा थर मारून देत असतील तर देऊ नका, तो सोलून निघतो. घरी फवारायच्या डब्यांनी हे काम होत नाही, कारण घरच्या शेगडीवर थर भाजला जात नाही. वाकलेल्या बुडाचा पॅन दांडा काढून भंगारात द्या, ॲल्युमिनियमचा भाव मिळतो.